गोड्या पाण्याला नारळ

आई, या देशात नारळाला शेंडी नसते. इथे आल्यापासून मी पुष्कळ सोसलं. मायनस तीसमध्ये गाडी शोव्हल करून बाहेर काढली, पोटच्या मुलीने माझ्याशी इंग्रजीत भांडायला सुरुवात केली तेही सोसलं. पण परवा ग्रोसरीच्या दुकानात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, न्हाव्याकडून चकोट करून आणल्यासारखा, पोटावर करवतीने गोल रेघ मारलेला नारळ हातात घेतला आणि कॅनडा सरकारवरचा माझा उरलासुरला विश्वास उडाला. तिथे काम करणाऱ्या मुलीला विचारलं, ही रेघ कशाला? ती म्हणाली, "इट्स प्री-स्कोअर्ड, मॅम. मेक्स इट ईझी." म्हणजे चमच्याने टकटक केलं तरी फुटणारा नारळ. आपल्याकडे एका घावात नारळ फोडला म्हणून पुरुषमाणसं आठवडाभर छाती काढून फिरतात, त्यांची या राष्ट्राने केवढी सोय करून ठेवली आहे. तिथून देसी दुकानात गेले. सरदारजी गल्ल्यावरून न उठताच म्हणाले, "बहनजी, चोटीवाला नहीं आता. कस्टमवाले नहीं छोड़ते." शेंडीतून कोण काय लपवून नेणार आहे, असं विचारायचं ओठांवर आलं होतं, पण मागे रांग होती. घरी येईपर्यंत मंत्र्याला लिहितात तसा एक कडक मजकूर मनात तयार झाला. आणि मग लक्षात आलं की ही तक्रार तुझ्याकडेच करायला हवी, कारण नारळ तुला हवा होता.

कॅनडातल्या या केंब्रिजला आल्यानंतरच्या पहिल्याच नारळी पौर्णिमेला मी तुला फोन केला होता. तू शेजाऱ्यांच्या ओटीवर, रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून, वाऱ्याविरुद्ध हाक मारावी तशी ओरडून बोलायचीस. प्रकृती नाही, जावई नाही, थंडी नाही, पहिला प्रश्न, "समुद्राक नारळ दिलंस?" मी म्हटलं, आई, इथे समुद्र नाही. कारचा कारखाना आहे, तिथे तुझा जावई शिफ्ट करतो, आणि तासाभराच्या ड्राइव्हवर एक तळं आहे. तळं म्हणजे पलीकडचा काठ दिसत नाही एवढं, पण पाणी गोडं. तू म्हणालीस, "गोडा असला म्हणान काय झाला? ढगात जातला आणि हयच येतला मां? हयसून मी सांगतंय, थयसून तू सांग." दोन्ही बाजूंनी सांगितलं की समुद्राला टाळता येणार नाही, असा तुझा हिशेब. बाबांच्या शोधासाठी तू सरकारी कचेऱ्यांत असंच दोन-दोन बाजूंनी सांगणं लावलं होतंस, एकदा स्वतः आणि एकदा सरपंचाकरवी. मी म्हटलं, पुढच्या वर्षी नक्की. नंतर दर वर्षी तू विचारलंस आणि दर वर्षी मी तेच म्हटलं.

बाबा गलबतावर तांडेल होते. मंगळूरहून कौलं भरून निघायचे आणि किनाऱ्या-किनाऱ्याने वर यायचे. त्या खेपेला आपल्या पडवीची कौलंही त्यांच्याच गलबतात यायची होती. जुनी फुटकी काढून तू आधीच खाली रचून ठेवली होतीस, म्हणून पडवीचं छप्पर उघडं होतं. गलबत मालप्याच्या बंदरातून पुढे निघालेलं लोकांनी पाहिलं, त्यापुढे कुणी पाहिलं नाही. मी दुसरीत होते, भाऊ अजून तुझ्या कडेवर होता. शाळेत एका मुलीने मला सांगितलं, तुझे बाबा बुडाले. मी ते घरी येऊन जसंच्या तसं चुलीपुढे बोलून दाखवलं. तू डावाने पेज ढवळत होतीस. तो डाव तसाच गरम पेजेसकट माझ्या तोंडासमोर आला आणि नाकापासून बोटभर अंतरावर थांबला. "बुडताना बघलंस तू?" नाही. "मग येवक नाय इतक्याच म्हण." डाव परत पेजेत गेला. आले नाहीत एवढंच म्हणायचं, आपल्या घराचं धर्मशास्त्र तेवढंच होतं. पडवीवर तू त्या पावसाळ्याआधी माडाचे झाप घातलेस, पुढच्या पावसाळ्याआधी नवे घातलेस, आणि कुणी म्हणालं की आता गावातल्या वखारीतून कौलं घ्या, तर तुझं उत्तर ठरलेलं, कौलं ते घेऊन येताहेत.

तू काजूच्या कारखान्यात बिया फोडायला जायचीस. त्या टरफलातल्या चिकाने तुझी बोटं कायम काळी, सोललेली; राख चोळून चोळून हातांवर नशीब वाचायला रेषासुद्धा राहिल्या नव्हत्या. पण त्याच काळ्या बोटाने रोज सकाळी आरशाच्या फुटक्या तुकड्यात बघून तू कुंकू लावायचीस, रुपयाएवढं. तुझ्यामुळे वाडीतल्या बायकांची भारी पंचाईत व्हायची. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तुला बोलवावं तर कुणाची सासू फिसकटणार, न बोलवावं तर तू उद्या विहिरीवर काय बोलशील याचा नेम नाही. त्यांनी वाट काढली. वाण आणि हळदीकुंकवाच्या पुड्या मुलांबरोबर घरी पाठवायच्या. बोलावलं असंही नाही आणि वगळलं असंही नाही. पुढे मी ऑफिसांत आणि महाराष्ट्र मंडळांत मुत्सद्देगिरीचे नाना नमुने पाहिले, पण त्या बायकांची सर कुणाला आली नाही.

बारा वर्षं भरली तेव्हा काका भटजींना घेऊन आले. बारा वर्षं माणूस परतला नाही की पळसाच्या पानांचा पुतळा करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात, त्याला अग्नी देतात आणि मग त्या माणसाचं रीतसर दहावं-तेरावं होतं. काकांनी हे सगळं तुला फार मायेने समजावलं. तू ऐकून घेतलंस, चहा पुढे केलास आणि म्हणालीस, "माजो घोव काय पळसाचो नाय. हाडामासाचो आसा. इलो तर वळाखतलंय." भटजी बशीत चहा ओतता ओतता थांबले. काका त्यानंतर वर्षभर आपल्या दारावरून गेले नाहीत, आणि तुझा तर चहा वाया गेल्याचाच राग जास्त होता.

आता इथलं ऐक. त्या तळ्याच्या काठच्या एका लहान गावात जहाजांचं म्युझियम आहे. मुलगी मोठी झाल्यावर मी तिथे आठवड्यातले काही दिवस नोकरी धरली. मुलाखत घेणारी बाई, म्युझियम जिच्या जिवावर चालतं ती म्हातारी, तुझ्यासारखीच काटक. तिने विचारलं, जहाजांबद्दल काही माहिती आहे? मी म्हटलं, माझे वडील शिडाच्या जहाजाचे कप्तान. ती म्हणाली, "हाउ लव्हली. इज ही रिटायर्ड?" आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "नो. ही हॅझंट कम होम येट." तिने माझ्याकडे नीट पाहिलं. एकही प्रश्न न विचारता ड्रॉवरमधून चाव्या काढल्या आणि वॉशरूमचा नळ कुठून बंद करायचा ते दाखवलं.

मंडळातले लोक एकदा सहलीला आले होते. पुण्याच्या एका सॉफ्टवेअरवाल्या भावजींनी काचेतून तळं पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी, हे म्हणजे आपलं खडकवासलाच की, जरा मोठं. यात जहाजं कशी काय बुडतील?" मी त्यांना भिंतीवरच्या नकाशापाशी नेलं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इकडे धड रस्ते नव्हते, जे काही हलायचं ते पाण्यावरून. दोन डोलकाठ्यांची शिडाची जहाजं पीठ, मीठ, दारूची पिंपं आणि नव्याने वस्तीला निघालेली माणसं पोराबाळांसकट घेऊन जायची. तळं उथळ, म्हणून वारा फिरला की घटकेत उकळल्यासारखं उठतं. दिवाळीच्या सुमारास तर विचारूच नकोस. किती गेली त्याला सुमार नाही. नकाशावर तांबड्या टाचण्या आहेत, एकेक टाचणी म्हणजे एकेक फुटलेलं जहाज, जिथे फुटलं त्या जागी. आणि काही पांढऱ्या टाचण्या आहेत. त्या पाण्यात नाहीत, सगळ्या काठावर, बंदरांत टोचलेल्या आहेत. नवीन होते तेव्हा मला वाटलं, कुणीतरी चुकून लावल्या. म्हातारी म्हणाली, चूक नाही. ही निघाली आणि पोचली नाहीत. कुणी बुडताना पाहिली नाहीत. मग मी त्यांना पाण्यात कुठे टोचू? कुणाला दिसेपर्यंत ती जिथून निघाली तिथेच राहतील. आई, मी त्या दिवशी तिकिटं विकताना दोघांना सुटे पैसे चुकीचे दिले. सात समुद्र ओलांडून आले आणि इथे पेजेचा डाव घेऊन तूच उभी.

त्या पांढऱ्या टाचण्यांत याच गावची एक होती. मीठ घेऊन निघालेलं जहाज, कप्तान याच गावचा. त्याची बायको पुढे म्हातारी होईपर्यंत जगली. टेकडीवरच्या दफनभूमीत तिचा दगड आहे. त्या काळी दगडावर अमक्याची विधवा असं कोरायची पद्धत होती, आजूबाजूला सगळ्या तशाच निजल्या आहेत. हिच्या दगडावर अमक्याची पत्नी एवढंच आहे. गावात सांगतात की दगड घडवणाऱ्याला तिने जिवंतपणीच बजावून ठेवलं होतं. मी डबा खायला कधीकधी तिच्याशेजारी जाऊन बसते. तुमची दोघींची भाषा जुळली नसती, पण विहिरीवर तुम्ही दोघींनी मिळून काय हैदोस घातला असता त्याचा विचार करते आणि घास घशाखाली उतरतो.

मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यात बुड्या मारून शोधणाऱ्या लोकांना ते जहाज सापडलं. अलीकडे या तळ्यात बाहेरून आलेले कसले तरी बारीक शिंपले माजले आहेत. ते पाणी गाळून गाळून इतकं स्वच्छ करतात की पूर्वी हातभर न दिसणारं आता खोलवर दिसतं. गोड्या, गार पाण्यात लाकडाला आपल्याकडच्या खाऱ्या पाण्यातली कीड लागत नाही. जहाज तळाशी सरळ बसलेलं होतं, तोंड परत गावाकडे वळवलेलं. बंदरापासून फार लांबही नव्हतं. म्हातारीने स्टुलावर चढून पांढरी टाचणी काढली, तांबडी लावली, मग कोट घातला आणि मला म्हणाली, "कम. समबडी हॅज टु टेल हर." टेकडीवर जाऊन ती त्या दगडापुढे उभी राहिली आणि शेजारणीला निरोप द्यावा तशी म्हणाली, सापडलं बरं का. घरीच येत होता. मी डोळे पुसायच्या बेतात होते, तेवढ्यात कानात तुझा आवाज, "गलबात गावला. माणसा गावली?" माणसं मिळाली नव्हती. मग? मग काहीच नाही. तुला पटवायला एक अख्खं जहाजही पुरलं नसतं, हे मला तेव्हाच कळलं. म्युझियमने मात्र त्या जहाजाचं चित्र असलेलं फ्रिजचं मॅग्नेट काढलं. चांगलं खपतं.

हे सगळं तुला आता का सांगतेय, तर भावाचा फोन आला होता. इकडची रविवारची सकाळ, त्याच्याकडे तिन्हीसांजेची वेळ. मागे तुझ्या सूनबाईचा कुकर वाजत होता. मुलाचं लग्न ठरलंय त्याच्या. आधी इकडचं-तिकडचं बोलला, पावसाचं, आंब्याचं. मग म्हणाला, ताई, लग्नाआधी बाबांचं करून टाकूया. या पितृपक्षात. भटजींशी बोललोय. तू हो म्हणालीस तरच.

मी तुझी वकील म्हणून उभी राहिले. म्हटलं, आई काय म्हणायची ते विसरलास का? तो म्हणाला, विसरलो नाही, रोज आठवतं. "ताई, सर्वपित्रीक मी आजोबाच्या नावान पाणी सोडतंय, पणजोबाच्या नावान सोडतंय. बाबांच्या नावार हात आखडून घेतंय. सगळे बघतत. आणि आता मी बाबांपरास मोठो झालंय, डोक्यार केस रवले नाय. मी वाट कोणाची बघू? माज्यापरास धाकट्या माणसाची?"

आई, याला उत्तर असेल तर तू दे. मला बाबा थोडे तरी आठवतात. मिशी, बिडीचा वास, मला उचलून तुळईला हात लावायला लावायचे ते. त्याच्याकडे काहीच नाही. त्याला वारशात वाट बघणं तेवढं मिळालं, आणि तेही तुझं. तुझं बघणं ताठ मानेचं होतं, सगळ्या वाडीला पुरून उरणारं. त्याचं नुसतं थकलेलं आहे. तू गेल्यावर पडवीवर पत्रे घालतानाही त्याने मला विचारलं होतं, घालू का म्हणून. साठीकडे झुकलेला माणूस, स्वतःच्या घराच्या छपराला बहिणीची परवानगी मागत होता.

मी म्हटलं, मला एक दिवस दे. दुसऱ्या दिवशी म्युझियममध्ये पावसामुळे कुणी फिरकलं नाही. मी नकाशापुढे बसून राहिले आणि तुझ्या बाजूने शेवटचा मुद्दा शोधत होते, तेव्हा तू गेलीस तो दिवस आठवला. भावाचा असाच फोन. तुला अंघोळ घालून झालेली, बायका दारात खोळंबलेल्या, आणि तो हलक्या आवाजात विचारतोय, "ताई, लुगडा हिरवा की पांढरा?" मी केंब्रिजच्या किचनमध्ये, हात पिठात. म्हटलं, हिरवं. चुडा भर, मळवट भर, ओटी भर. कुणी काही बोललं तर फोन माझ्याकडे दे. कुणी बोललं नाही. ज्या बायका वाण घरी पाठवायच्या त्यांनीच रांगेने येऊन तुझी ओटी भरली. तू सवाष्ण गेलीस. साऱ्या वाडीने ते पाहिलं, आणि पाहिलेलं आपल्या घरात मोडता येत नाही.

मी भावाला फोन लावला आणि एकच विचारलं, बाबा गेले ते कधीपासून धरायचं? त्या वर्षीपासून, की पुतळ्याला अग्नी देशील त्या दिवसापासून? तो म्हणाला, विचारून सांगतो. थोड्या वेळाने फोन आला. "भटजी म्हणतत, सुतक त्या दिवसापासून. तोपर्यंत माणूस जितोच धरतत." म्हटलं, मग कर. आई, समजलं ना? बाबा अजून आहेत. तू गेलीस तेव्हाही होते. ते येत्या भाद्रपदात जातील, आपल्या घरी, मुलाच्या हातून, तुझ्यामागून कितीतरी वर्षांनी. तुझ्या कुंकवाला आम्ही दोघांनी कुठेही धक्का लावलेला नाही. भाऊ फोन ठेवता ठेवता म्हणाला, डोक्याच्या जागी नारळ लागेल, चांगला शेंडीचा बघून ठेवला आहे. मला हसू आलं, मग बराच वेळ नाक पुसत बसले.

पण तो मार्गी लागला तसा माझा नारळ उरला. बाबा आहेत तोवर, म्हणजे याच पौर्णिमेला, थयसून सांगायला हवं होतं. पौर्णिमेच्या दिवशी मुलीला म्हटलं, चल, तळ्यावर जायचंय. "मॉम, इज धिस ईव्हन अलाउड?" म्हटलं, विचारलं नाही म्हणजे अलाउड. वाळूवर लोक पाय पसरून उन्हात पडलेले, हवेत सनस्क्रीनचा वास. मी घोट्यापर्यंत पाण्यात गेले, हळदकुंकू लावलं, हात जोडून नारळ सोडला. लाटेने तो परत आणला. पुन्हा सोडला, पुन्हा आला. तिसऱ्यांदा जोर लावून फेकला, तर कुणाचा तरी एक पिवळा कुत्रा आनंदाने पोहत गेला आणि नारळ ढकलत ढकलत माझ्या पायाशी आणून शेपटी हलवत उभा राहिला. मालक लांबून म्हणाला, "गुड बॉय." मी तिथे उभी, पदर ओला, कपाळावर घाम, आणि मुलगी हसून हसून वाळूत बसलेली.

मग ती उठली. तिने विचारलं, हे कुणासाठी? इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं. मी सांगितलं, तुझे आजोबा घरी येताहेत, समुद्राला म्हणावं आता पोचवून दे. तिने माझ्याकडे बघितलं, नारळ हातात घेतला आणि म्हणाली, "ओके. नॉट फ्रॉम हिअर." धक्क्याच्या पार टोकाला गेली, जिथून बोटी बाहेर पडतात. शाळेत सॉफ्टबॉल खेळायची ती. एक पाय मागे घेऊन तिने असा फेकला की कुत्राही नुसता बघत राहिला. नारळ बराच वेळ वरखाली होताना दिसत होता, मग नुसतं ऊन दिसायला लागलं.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं ते मला माहीत नाही, तेव्हा वहीतच राहील. पण एक सांगायचं राहिलं. बोडका नारळ तुझ्या नावाने सोडवेना, म्हणून निघायच्या आधी दाराबाहेरच्या काथ्याच्या पायपुसण्यातले दोरे उपसले, तीनदा धुतले, वळून डिंकाने त्याला शेंडी लावली. काथ्या आपल्याच किनाऱ्याकडचा असावा. आता रोज येता-जाता पाय पुसताना, त्यावरच्या वेलकममधला डब्ल्यू अर्धाच आहे, तो दिसतो.